एकट्यानं, घड्याळाशी, जोडीनं

दाजींची दाढ दुखायला लागली, तिथून हे सगळं सुरू झालं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. नांदेडच्या कचेरीत कारकून होते. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, त्यात त्यांची बदली झाली. ते लातूरला आले आणि वर्षभरानं मलाही तिथल्याच एका मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. आमचं गाव कंधार. मुलीनं परगावी एकटीनं खोली करून राहावं हे आईला पटणारं नव्हतं, म्हणून मी अक्काकडे राहायला गेले. दोन खोल्या, पुढं अरुंद ओसरी, आणि त्या ओसरीत दाजींची जुनी राजदूत मोटारसायकल, पोत्यानं झाकलेली.

लातुरात तेव्हा पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. जिकडं बघावं तिकडं 'तालुका' पुसून 'जिल्हा' लिहिणं चाललेलं. नवे साहेब, नव्या जीपगाड्या, भाड्याच्या बंगल्यांतून थाटलेल्या कचेऱ्या. पाऊस मात्र लागोपाठ दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. गल्लीत टँकर आला की अक्का पदर खोचून घागरी रांगेत लावायची आणि मी शाळेतून येऊन तिच्या हाताखाली उभी राहायची. पाटी बदलली, पण नळ काही बदलला नाही, असं ती म्हणायची.

दाजी फार शांत माणूस. कचेरीत कुणी उठून स्वतःचं काम त्यांच्या पुढ्यात टाकलं तरी 'हाव साहेब' एवढंच. गाडी चालवायचे ती मागं अंड्यांची टोपली बांधल्यासारखी. सायकलवालेसुद्धा घंटी वाजवत पुढं निघून जायचे. अक्का मागून त्यांच्या पाठीत बोट खुपसायची, "अहो, तो दूधवाला बी गेला पुढं." दाजी म्हणायचे, "जाऊ दे की. त्याला घाई असंल."

तर ही दाढ. गावात नवेच आलेले एक दातांचे डॉक्टर होते. शिक्षण त्यांचं कर्नाटकात झालेलं. दाढ काढून झाल्यावर ते दाजींना सोडायला बाहेर आले आणि राजदूतपाशीच थांबले. गाडी जुनी, पण पुसून-पासून लख्ख. दाजी रोज सकाळी चहाच्या आधी तिला फडकं मारायचे. डॉक्टरांनी खाली वाकून चेन बघितली, हँडल हलवून बघितलं आणि विचारलं, "रविवारी मोकळे असता का?"

दाजी गाल सुजवून घरी आले आणि कापसाचा बोळा दातांत धरून त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मंच आम्हाला कळलं. डॉक्टर मद्रासकडं कुठंतरी विमानाच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोकांबरोबर मोटारसायकल पळवायचे. इथं आल्यावर हात शिवशिवत होते. गावाबाहेर एक तळं आटलेलं होतं, तिथं त्यांनी जागा हेरली होती. आता त्यांना रिंगण आखून देणारं कुणीतरी हवं होतं.

"मी म्हणलं, आमच्या मेव्हणीला येतंय," दाजी म्हणाले.

मला खरंच येत होतं. मैदानावर धावपट्टी आखणं हे तर माझं रोजचं काम. दोन खुंट्या, एक दोरी, दोन अर्धवर्तुळं आणि त्यांना जोडणारे दोन सरळ पट्टे. स्टॉपवॉचही माझं स्वतःचं होतं.

रविवारी सकाळी विहारात वंदना झाली, जेवणं झाली आणि ऊन कलल्यावर मी राजदूतवर दाजींच्या मागं बसून तळ्यावर गेले. पाळीवर उभं राहून खाली बघितलं. एवढं मोठं तळं, पण थेंब नाही. पाळीच्या बाजूला, जिथं पाणी खोल असायचं, तिथला गाळ वाळून त्याला पायाचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या भेगांच्या अलीकडं गावच्या बायकांनी झिरे खोदले होते आणि वाटीवाटीनं पाणी वर काढून घागरी भरणं चाललं होतं. पलीकडचा, वरच्या अंगाचा भाग मात्र मुरमाड होता. गुरांच्या खुरांनी तो चेचून चेचून सिमेंटसारखा झाला होता. डॉक्टरांनी हीच जागा हेरली होती.

डॉक्टर येझदी घेऊन आले होते. त्यांच्याबरोबर बुलेटवर एक दणकट गृहस्थ. ते मूळचे धर्माबादचे, घरचा मिरचीचा व्यापार, लातूरच्या बाजारात त्यांनी नवी आडत टाकली होती. आम्ही त्यांना शेवटपर्यंत मिरचीवाले भाऊच म्हणत आलो. आवाज असा, की पाळीवरची शेळी दचकावी. आणखी दोघंतिघं हौशी होते, कधी येत, कधी न येत.

मी दोरी सोडत असताना झिऱ्यावरची एक म्हातारी कमरेवर हात ठेवून जवळ आली.

"बाई, हे काय करून राहिलीस?"

"रिंगण आखते, मावशी. फटफट्या पळवणार आहेत."

"पळवा की. पण धूळ आमच्या झिऱ्यात येती त्याचं काय?"

मी वारा कुठून येतो ते बघितलं. तिचं बरोबर होतं. मी खुंट्या उपटल्या आणि सगळं रिंगण आणखी वर, वाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला सरकवलं. शिवाय बायकांचं पाणी भरून झाल्याशिवाय एकही गाडी सुरू करायची नाही असं डॉक्टरांनी कबूल केलं. म्हातारी म्हणाली, "मग ठीक हाय," आणि पाळीवर जाऊन चांगली बैठक मारून बसली. पुढं दर रविवारी ती तिथं असायची.

वीटभट्टीवरची पांढरी राख टाकून मी रेघा मारल्या आणि वळणांवर गोटे मांडले. मग डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"पळवण्याचे तीन प्रकार आहेत," ते म्हणाले. "एक, मोकळ्या फेऱ्या. ज्याची त्याची गाडी, ज्याचा त्याचा वेग. मागच्याला पुढं जायचं असेल तर पुढच्यानं हात वर करून वाट द्यायची, आणि तीही सरळ पट्ट्यात, वळणात नाही. दुसरा, घड्याळाशी. एकेकानंच उतरायचं, बाई वेळ घेतील. आणि तिसरा, सगळ्यांनी बरोबर सुटायचं. लोक तिन्हीला शर्यतच म्हणतात. पण मोकळ्या फेऱ्यांत एखादा मनातल्या मनात शर्यत लावून बसला, की हाडं मोडतात."

"मग थेट तिसरंच करू की," मिरचीवाले म्हणाले. "पहिली दोन शाळेतल्या कवायतीसारखी हायेत. बाईंनी वाईट वाटून घेऊ नका."

"तिसरं सगळ्यात शेवटी," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, पण दात उपटणाऱ्या माणसाचा होता. मिरचीवाल्यांनी बुलेटला किक मारली.

पहिले कितीतरी रविवार नुसत्या मोकळ्या फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी दाजी निघाले ते कचेरीला निघाल्यासारखे. वळण आलं तसा त्यांनी सवयीनं उजवा हात बाहेर काढून दाखवला. मिरचीवाले पोट धरून हसले, "अय्यो, दाजी, मागं पोलीस हाय का?" पण फेऱ्या वाढत गेल्या तसं दाजींचं अंग सुटत गेलं. कोपरं ढिली पडली. वळणात गाडीबरोबर तेही कलायला लागले. शेवटी थांबले तेव्हा तोंडावर धुळीचा थर होता आणि त्यातून दात तेवढे दिसत होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"इथं कुणी सरक म्हणून राहिलं न्हाई," ते म्हणाले. "समोरून बी कुणी येत न्हाई. नुसतं जायचंच."

डॉक्टर स्वतः मोकळ्या फेऱ्यांत अभ्यास करायचे. आज फक्त ब्रेक, आज फक्त पाळीकडचं वळण, असं ठरवून. मिरचीवाले दोन फेऱ्यांत कंटाळायचे आणि पाळीवर येऊन म्हातारीशी गप्पा मारायचे.

मग घड्याळ आलं. आता रिंगणात एकच गाडी आणि रेघेवर मी. माझ्यासाठी हे ओळखीचं होतं. शाळेत मी मुलींना असंच पळवायची, आणि एकटीनं पळताना वाऱ्यासारखी जाणारी पोरगी चौघींत उभी केली की पाय जड झाल्यागत पळते, हे बघून होते. पण मोठ्या माणसांचंही तसंच असतं हे मला ठाऊक नव्हतं.

मिरचीवाले बुलेट घेऊन सुटले तेव्हा वाटलं, आता तळ्याची पाळ फुटते. केवढा आवाज, केवढी धूळ. प्रत्येक वळणात मागचं चाक बाहेर फेकलं जायचं. आणि वेळ बघितली तर काही खास नाही. त्यांच्यामागून दाजी गेले. धूळ कमी, आवाज तर नाहीच. राजदूत ती काय, आणि तिचा वेग तो काय! पण दाजी वळणाच्या आधी कुठंतरी अलगद हात सैल करायचे आणि वळणातून बाहेर येताना गाडी आपोआप सरळ झालेली असायची. मी घड्याळ दाबलं, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. त्यांनी बुलेटला मागं टाकलं होतं.

"घड्याळ बंद पडलं असंल," मिरचीवाले म्हणाले.

दाजी पुन्हा पळाले. पुन्हा तेच.

"दाजी, तुमी कुणाला बघून पळता?" मिरचीवाल्यांनी अगदी मनापासून विचारलं. "मला तर म्होरं बी कुणी दिसंना, मागं बी कुणी दिसंना. मग मी पळू कुणापुढं?"

दाजी लाजल्यासारखे झाले. "मी मागच्या फेरीतल्या मला बघतो," ते म्हणाले. "तिथं मी जरा उशिरा वळलो होतो, आता लवकर वळू, असं."

मिरचीवाल्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नाही, पण त्या दिवसापासून ते दाजींना मान द्यायला लागले.

दाजी आता आठवडाभर रविवारची वाट बघायचे. भाकरी खाताना ताटाभोवती बोट फिरवायचे. अक्का विचारायची, "हे काय?" ते म्हणायचे, "काय न्हाई, वळण." तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्याच्यात जीवाला काही धोका न्हाई ना?" मी म्हटलं, "न्हाई अक्का, ते तर सगळ्यांत जपून चालवतात." मला तसं खरोखरच वाटत होतं.

तिसऱ्या प्रकाराचा दिवस ठरला तेव्हा डॉक्टरांनी चौघांनाच उतरू दिलं. हेल्मेट असेल त्यालाच. दाजींना त्यांनी स्वतःचं जुनं दिलं. त्या दिवशी पाळीवर गावची बरीच माणसं जमली होती. मी राखेच्या रेघेशेजारी उभी राहिले, हातातला रुमाल वर केला आणि खाली सोडला.

मला आजही आठवतं ते दाजींचं डोकं. मोकळ्या फेऱ्यांत त्यांचं डोकं जरासं खाली, जमिनीकडं असायचं. घड्याळाशी पळताना ते लांब, पुढच्या वळणाकडं असायचं. आता मात्र ते सारखं वळत होतं. उजवीकडं मिरचीवाले कुठं आहेत, डावीकडं डॉक्टर कुठं आहेत. गाडी कुठं चाललीये याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मी ओरडून सांगणार होते, पण माझा आवाज कुणाला ऐकू येणार?

पहिल्या फेरीत मिरचीवाले पुढं, दाजी त्यांच्या मागं. गंमत अशी, की एकट्यानं पळताना धूळच धूळ करणारे मिरचीवाले आता अगदी नेटके चालले होते. चाक कुठं घसरत नव्हतं. दुसऱ्या फेरीत दाजी सरळ पट्ट्यात त्यांच्या शेजारी आले आणि पाळीच्या बाजूच्या वळणाला पुढं निघाले. आता मिरचीवाले आतल्या बाजूनं आले. त्यांची जागा होती, हक्काची होती. इतर कुठल्याही दिवशी दाजींनी वाट दिली असती. पण ते हटले नाहीत. उलट त्यांनी गाडी आत ओढली, थेट बुलेटच्या पुढ्यात.

बुलेट आता त्यांच्यावर जाणार, असं दिसत होतं. पण मिरचीवाल्यांनी ब्रेक मारला नाही, हँडल सरळ केलं आणि वळण सोडून ते दाजींच्या मागून तसेच भेगांच्या गाळात शिरले. बुलेट भेगांवर उड्या मारत गेली, आडवी पडली, आणि ते बाजूला बसल्यासारखे पडले. दाजींना मागं काय झालं ते कळलंच नाही. पण आत ओढलेली राजदूत त्यांना सावरली नाही. गोट्याला पुढचं चाक लागलं आणि ते खांद्यावर आपटले.

मी पोचले तेव्हा मिरचीवाले आधीच उठून, लंगडत, दाजींपाशी आलेले होते. "हलवू नका, हलवू नका," असं डॉक्टरांचं चाललेलं. दाजी शुद्धीत होते. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कातडीखालून टोक वर आलेलं दिसत होतं. डॉक्टरांनी मफलरनं हात छातीशी बांधला. मिरचीवाल्यांचा ड्रायव्हर शर्यत बघायला मिरचीच्या पोत्यांचा टेंपो घेऊन आला होता, त्यात दाजींना बसवलं. टेंपोत मिरचीचा खकाणा. दाजींना शिंक यायची, शिंकलं की हाड दुखायचं, आणि दुखलं की ते 'आई गं' म्हणायच्या आधी दुसरी शिंक. मिरचीवाले शेजारी बसून त्यांचं नाक धरत होते. "तोंडानं दम घ्या दाजी, तोंडानं." स्वतःचं ढोपर फुटून विजारीवर रक्त आलं होतं, ते त्यांना माहीतही नव्हतं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर अक्का रडली नाही. तिनं उशी लावली, पाणी दिलं, आणि सगळे गेल्यावर समोर बसून विचारलं, "पडले ते पडले. का पडले ते सांगा."

दाजींनी बांधलेला हात छातीशी नीट घेतला.

"त्यांची जागा होती," ते म्हणाले. "मला दिसत होतं. पण मला वाटलं, आता न्हाई द्यायची. आजपातूर लई जणांना दिली."

"मग त्या लई जणांत मिरचीवाले भाऊ होते का?"

"न्हाई."

"मग?"

दाजींनी डोळे मिटले. अक्का उठली आणि तिनं चुलीवर दूध ठेवलं.

चार दिवसांनी मिरचीवाले भेटायला आले. हातात कलिंगड. एवढ्या दुष्काळात कुठून आणलं कोण जाणे. दाजी उठायला लागले तसे त्यांनी त्यांना दाबून बसवलं.

"भाऊ, चूक माझी होती," दाजी म्हणाले. "तुमी भेगांत न्हाई गेला असता तर..."

"ओ दाजी, सोडा. तुमची चूक न्हाई, तुमाला सवय न्हाई. आमी नऊ भावंडं एका घरात वाढलो. जेवायला बसलो तर दोन्हीकडचं कोपर लागायचं. मला न बघता कळतंय बाजूचा कुठं हाय ते. तुमी एकुलते ना?"

दाजी एकुलते होते.

"म्हणून घड्याळासंगं तुमचं जमतंय. माझं जमत न्हाई. पण जोडीनं पळायचं शिकावं लागतंय. बरे व्हा, मी शिकवतो."

अक्का कलिंगड कापत होती. तिनं सुरी तशीच धरून विचारलं, "पुन्हा?"

"अक्का, सावकाश. अगदी बैलगाडीवानी," मिरचीवाले म्हणाले आणि कानाला हात लावला.

दाजींचा हात झोळीत होता तोवर राजदूत ओसरीत उभीच होती. गाडी अशी ठेवली तर बिघडेल म्हणून दाजी बेचैन व्हायचे. शेवटी तेच म्हणाले, "तू चालव."

"मी?"

"रिंगण तूच आखलं ना?"

मग रविवारी डॉक्टर गाडी तळ्यावर नेऊ लागले आणि दाजी दगडावर बसून मला शिकवू लागले. एक हात बांधलेला, दुसऱ्या हातानं हवेत क्लच दाबून दाखवायचे. पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून मी बसले. पाच-सहा वेळा गाडी बंद पडली. झिऱ्यावरच्या बायका घागरी खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. मग एकदा गाडी चालली, आणि चालतच राहिली.

मला मोकळ्या फेऱ्या आवडल्या. आजवर मी सगळ्यांना पळवत आले होते, शिट्टी वाजवत, घड्याळ दाबत. इथं कुणी वाजवणारं नव्हतं. सूर्य एका पट्ट्यात डोळ्यांत यायचा, दुसऱ्या पट्ट्यात पाठीवर. एकदा दाजींनी हौसेनं माझी वेळ घेतली, तर मी इतकी घाबरले की सोपं वळणही चुकले. "हे मला नको," मी म्हटलं. दाजींनी घड्याळ लगेच खिशात घातलं. म्हणाले, "हाव. ज्याचं त्याचं येगळं असतंय."

दाजींचं हाड जुळलं तेव्हा मिरचीवाल्यांनी शब्द पाळला. दोघांनी दोन गाड्या शेजारी शेजारी घ्यायच्या आणि चालत्या माणसाहून थोड्याच जास्त वेगानं रिंगण फिरायचं. दोन हँडलांत हातभर अंतर. मिरचीवाल्यांची एकच अट होती, की बोलत राहायचं.

"माझ्याकडं बघायचं न्हाई, दाजी. म्होरं बघा आन् बोला. तुरीचा भाव काय म्हणतोय?"

"मला काय म्हाईत तुरीचा भाव?"

"मग कचेरीतलं सांगा."

आणि दाजी सांगायला लागले. जे आम्हाला घरात कधी सांगितलं नव्हतं ते. कोणता साहेब कसा बोलला, मागून आलेला कोण कसा वर गेला, हे सगळं त्या दोन इंजिनांच्या आवाजावर मोठ्यानं ओरडून. मिरचीवाले मध्येच 'अय्यो' म्हणायचे. मी पाळीवर म्हातारीशेजारी बसलेली असायची. फेरीगणिक एखादं वाक्य आमच्यापर्यंत यायचं आणि पुढं निघून जायचं. म्हातारी म्हणायची, "ह्यो बारीक माणूस लई दिवसांनी बोलून राहिलाय वाटतं." अंतर हातभराचं वीतभर झालं, वेग वाढला, आणि एका रविवारी मिरचीवाल्यांनी मुद्दाम आत गाडी घातली तेव्हा दाजींनी त्यांच्याकडं न बघताच बोलता बोलता जागा करून दिली. बोलणं तुटलं नाही. मिरचीवाल्यांनी तिथंच गाडी थांबवली आणि त्यांना मिठी मारली.

चौघांनी बरोबर सुटायची शर्यत त्यानंतर दोनदा झाली. दोन्ही वेळा मिरचीवाले पहिले आले, दाजी एकदा तिसरे आणि एकदा चौथे. घड्याळाशी मात्र त्यांना शेवटपर्यंत कुणी हरवलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी तळ्यातला गाळ काढायचं सरकारी काम निघालं. आम्ही गेलो तर माझ्या राखेच्या रेघांवर चुन्याच्या चौकड्या पडल्या होत्या आणि वरच्या अंगाला मजुरांच्या वस्तीसाठी खांब उभे होते. झिऱ्यावरच्याच बायका टोपली-फावडं घेऊन उभ्या होत्या. काम मिळालं म्हणून त्यांच्या तोंडावर समाधान होतं. म्हातारीनं लांबूनच हात केला. "आता तुमचं कसं व्हायचं?" तिनं विचारलं.

"आमचं काय मावशी, हौस होती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मनापासून म्हटलं, पण गाडी वळवायला त्यांना वेळ लागला.

त्यानंतर दुसरी जागा शोधायचं बोलणं बरेच दिवस चाललं, पण शोधली कुणीच नाही. डॉक्टर वर्षा-दोन वर्षांत हैदराबादला गेले. माझी लोह्याच्या शाळेत बदली झाली आणि मी एक लुना घेतली. कंधार-लोहा रस्त्यावर लुना चालवणारी मी एकटीच बाई होते. लोक वळून बघायचे, मग बघायचे थांबले. दाजी कचेरीत होते तसेच राहिले असं मी म्हणणार नाही. अक्का सांगायची, एकदा त्यांनी एका साहेबाला हे काम माझं न्हाई असं हसत सांगितलं, आणि घरी येऊन दोन ताटं आमटी-भात खाल्ला.

एकदा, बऱ्याच वर्षांनी, शाळा सुटायच्या वेळेला फाटकापाशी मिरचीचा ट्रक उभा राहिला. त्यातून मिरचीवाले उतरले. केस पिकले होते, आवाज होता तसाच. सगळ्या शिक्षिका खिडकीत आल्या.

"बाई, चहा पाजा. धर्माबादला चाललोय."

आम्ही बाकड्यावर बसलो. त्यांनी सांगितलं, की आता ते आणि दाजी महिन्यातून एकदा दोन गाड्या काढून फिरायला जातात. उदगीरकडं, कधी निलंग्याकडं.

"शर्यत लावता का?" मी विचारलं.

"छ्या. दोघांत कसली शर्यत? बोलत जातो. तुमच्या दाजींना आता गप्प बसवावं लागतंय." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तुमी अजून एकट्याच फिरता का?"

"हाव," मी म्हटलं.

"ब्येस," ते म्हणाले, आणि दुसरा कप मागितला.